नऊ चमचे चटणी

कराडच्या मुलींच्या वसतिगृहात शालूबाईंनी एकतीस वर्षं स्वयंपाक केला आणि एकतीस वर्षांत आमटी एकदाही चाखून बघितली नाही. साठ मुलींची आमटी रटरटत असायची. शालूबाई मिठाच्या बरणीत हात घालायच्या, मूठ अर्धी मिटायची, तेवढं मीठ पडायचं आणि ते बरोबर असायचं. नवीन आलेली एखादी मदतनीस विचारायची, तुम्हाला कळतं तरी कसं? त्या सांगायच्या, वासावरून. मिठाला वास नसतो हे त्यांनाही माहीत होतं, पण दुसरं काय सांगणार? प्रार्थना झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. चाखणं म्हणजे घासच झाला, असं त्यांचं म्हणणं.

शालूबाई मूळच्या कडेगावकडच्या. सातवीपर्यंत शाळा झाली आणि लग्न करून कराडला आल्या. नवरा नाथाजी गवंडी होता. बोलायला कमी आणि देवळात गायला पुढं. त्यांच्यात चर्चला देऊळच म्हणतात. वीरधवल आणि सोनिया ही दोन लेकरं. नाथाजीला जाऊन आता सहा वर्षं झाली. नाताळात दारावर लावायची कागदाची चांदणी तो स्वतः बांबूच्या कामट्या बांधून करायचा. ती अजून माळ्यावर आहे. दरवर्षी निघते, फाटलेल्या ठिकाणी नवा कागद लागतो आणि दारावर चढते.

या घराची नाताळची एक रीत होती. कुठल्या पुस्तकात ती सापडणार नाही. ती घातली शालूबाईंच्या सासूनं, मनुबाईनं. मनुबाईला चार सुना. नाताळला डुकराचं मटण व्हायचं आणि जेवताना हमखास मिठावरून वाजायचं. हिनं घातलं म्हणून खारट, तिनं घातलं म्हणून अळणी. एका नाताळला म्हातारी वैतागली. तिनं मिठाची बरणी चुलीपाशी आणून ठेवली आणि सांगितलं, घरातल्या प्रत्येकानं आपापल्या हातानं एक चिमूट टाकायची. मग कुणी कुणाला बोलायचं नाही, मीठ सगळ्यांचं. तेव्हापासून ती रीत पडली. जो गावाला आहे, नोकरीवर आहे, त्याची चिमूट घरातली थोरली बाई त्याचं नाव घेऊन टाकते. लेकरू ताटावर जेवायला लागलं की त्याची चिमूट सुरू होते, ज्याला प्रभूनं बोलावलं त्याची थांबते. एके काळी घरच्या मोठ्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात तेवीस चिमटी पडायच्या. पुढं भाऊ वेगळे झाले, कुणी मुंबईला गेलं, कुणी वर गेलं. शालूबाईंच्या हातात रीत आली तोवर नऊ उरल्या होत्या.

आणि वीरधवल आजारी पडला.

वीरधवल सांगलीला राहायचा. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर होता. बायको पूजा, नऊ वर्षांची मुलगी राणी. वय सदतीस. आधी पाय सुजायला लागले. त्याला वाटलं, बारा तास उभं राहून सुजतात. मग सकाळी डोळ्यांवर सूज दिसायला लागली. तपासण्या झाल्या तोवर दोन्ही किडन्या गेलेल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला डायलिसिस. चार-चार तास मशीनला जोडून पडायचं. लेथ सुटली. पूजा एका औषधाच्या दुकानात कामाला लागली.

शालूबाईंनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं होतं, माझी घ्या. त्यांना वाटलं होतं, आईची म्हटल्यावर चालेलच. सगळ्या तपासण्या झाल्या आणि साखर निघाली. डॉक्टर समजावून म्हणाले, तुमची घेता येणार नाही. पूजाचा रक्तगट जुळेना. सोनियाला दिवस गेले होते. पुण्याला किडनी मिळण्याच्या यादीत नाव घातलं, आता वाट बघायची. त्या दिवशी परत येताना शालूबाई एसटीत खिडकीशी बसल्या आणि कराड येईपर्यंत तपासणीच्या कागदांची घडी घालत आणि उलगडत राहिल्या. परक्यांच्या लेकींना एकतीस वर्षं पोटभर वाढलं, आणि आपल्या लेकाला द्यायची वेळ आली तर आपल्याजवळचं चालत नाही. प्रभूला त्यांनी विचारलं नाही, का म्हणून. विचारायची सवयच नव्हती. नुसती प्रार्थना करत राहिल्या.

डायलिसिसवाल्याला दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, पाणी आणि मीठ. लघवीच होत नाही, तर प्यालेलं पाणी अंगातच साठतं. मीठ खाल्लं की तहान लागते, तहान लागली की पाणी, आणि पाणी साठलं की छाती भरून येते. वीरधवलला दिवसाला एक लिटर पाणी. पूजानं प्लास्टिकच्या बाटलीवर पेनानं रेघा मारल्या होत्या. सकाळची रेघ, दुपारची रेघ, रात्रीची गोळी घ्यायची रेघ. दिवाळीत तो मित्राकडं गेला आणि बशीभर चिवडा खाऊन आला. दुसऱ्या दिवशी श्वास लागला म्हणून वेळेआधीच मिरजेला पळवावं लागलं.

गेल्या नाताळला शालूबाईंनी त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात बिनमिठाचं मटण केलं होतं. वेगळं ताट वाढलं. तो भिंतीकडं तोंड करून चार घास जेवला आणि आत जाऊन पडला. म्हणून यंदा डिसेंबर लागताच त्यांनी फोन केला, तेव्हा तो म्हणाला की तो येणार नाही. पूजा आणि राणीला पाठवतो.

शालूबाई म्हणाल्या, तुझ्यावाचून नाताळ कसला.

"एकच पातेलं असंल तर येतो," वीरधवल म्हणाला. "पुन्यांदा वेगळं ताट वाढणार असशील, तर मी हितंच बरा हाय, आई."

"एकच पातेलं," शालूबाई म्हणाल्या. "बिनमिठाचं. सगळीच तसलं खात्याल."

फोन ठेवल्यावर त्यांना हायसं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच आपल्या हातून काहीतरी होणार होतं.

त्यांच्या धाकट्या दिरानं, नानासोनं, हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. नानासो आणि त्याची बायको रंगुबाई शेजारच्याच गल्लीत राहायची. पोरगा दिग्विजय मिलिटरीत, तिकडं जम्मूला. नानासो जिभेचा तिखट, मनाचा मऊ.

"वैनी, बिनमिठाचं डुकराचं मटण? त्यापरीस मटणवाल्या गुंडाला म्हणावं, जितं डुक्कर दारात बांधून जा. बघू, हात जोडू, आन जेवाय बसू भाकरी-कांदा."

"तुमी भाकरी-कांदाच खावा मग," शालूबाई म्हणाल्या.

पण जेवायला तो येणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

यंदा नाताळ गुरुवारी आला, म्हणजे डायलिसिसच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी वीरधवलच्या अंगात दोन दिवसांचं पाणी साठलेलं असायचं. चेहरा जड दिसायचा. तरी बुधवारी दुपारी तो पूजा-राणीला घेऊन आला, जिना नसलेल्या घरात धापा टाकत शिरला आणि म्हणाला, लय बरं वाटलं. शालूबाईंनी त्याला डोळे भरून पाहिलं आणि करंज्या तळायला बसल्या.

नाताळच्या दिवशी सकाळी सहाला ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा गुंडा मटण घेऊन आला. त्याच्याकडं डुकरं असायची आणि दरवर्षी शालूबाईंचं दोन किलो तो आठवणीनं बाजूला काढायचा. यंदा त्यांनी चरबी बेतानं, मांस जास्त असं सांगून ठेवलं होतं. गुंडानं मटण दिलं, करंज्यांची पिशवी घेतली, सलाम केला आणि वीरधवलची चौकशी करून गेला. मग सगळी देवळात गेली. वीरधवल मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसला. उपासना झाल्यावर पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तेव्हा शालूबाईंनी डोळे इतके घट्ट मिटले की उघडल्यावर क्षणभर काही दिसेना.

घरी आल्यावर अंगणात तीन दगडांची चूल पेटली. या मटणात कौशल्य असं काही नाही, शालूबाई नेहमी सांगायच्या. तेल घालायचं नाही, डुकराला त्याचीच चरबी पुरते. पातेल्यात मटण, हळद, आलं-लसणाचा गोळा आणि भरपूर कांदा घालायचा, वर झाकण, झाकणावर पाणी. मंद जाळ. मटण आपलंच पाणी सोडतं आणि आपल्याच चरबीत शिजतं. तास गेला की घरची लाल चटणी, शेवटी चिंचेचा कोळ. एवढंच. हे लहान पोराला पण जमेल.

तासानं झाकण निघालं. सवयीनं सगळी चुलीभोवती येऊन उभी राहिली. नानासो, रंगुबाई, पूजा, वीरधवल खुर्ची ओढून, राणी सगळ्यांत पुढं. आणि मिठाची बरणी नव्हती. हात मोकळे घेऊन सगळी एकमेकांकडं बघायला लागली.

"आज्जी," राणी म्हणाली, "मग आपण ह्यात हाय हे कशावरनं कळणार?"

रंगुबाईनं पदर सावरला, नानासो उगाच जाळ सारू लागला. शालूबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. पायाशी चटणीची बरणी होती. एप्रिलमध्ये डंकावर, मिरची कांडायच्या गिरणीत, कुटून आणलेली, कांदा-लसणाची, वर्षभराची. त्यांनी ती उचलली, झाकण काढलं आणि चमचा खोवला.

"यंदा चटणी," त्या म्हणाल्या. "एकेक चमचा. मीठ न्हाई तर जरा झणझणीत तरी हुंदे."

सगळ्यांना ते पटलं. नानासोनं शीग लावून चमचा टाकला. रंगुबाईनं टाकला, पूजानं टाकला, राणीनं दोन्ही हातांनी धरून टाकला. वीरधवलनं चमचा भरला आणि थोडा वेळ तसाच धरला. चटणीकडं बघितलं, मग आईकडं. शालूबाईंना वाटलं, मनात प्रार्थना करतोय. मग त्यानं चमचा उलटा केला. शालूबाईंनी आपला टाकला. मग सोनियाचं नाव घेऊन एक, जावई मल्हारचं नाव घेऊन एक, दिग्विजयचं नाव घेऊन एक. नऊ. चटणी इतकी घालायची नसते, एरवी निम्मीच पडते. पण नऊ झाली म्हणून त्यांना बरं वाटलं.

जेवायला दीड वाजला. प्रार्थना नानासोनं केली. भाकरी निवत होत्या तरी त्यानं जम्मूपासून मिरजेपर्यंत सगळ्यांना प्रार्थनेत घेतलं. पहिला घास घेतल्यावर तो थांबला.

"वैनी, लबाडी केली बगा. ह्यात मीठ न्हाई म्हंता?"

"बरणीतलं मीठ हलवलंसुदिक न्हाई."

"मग तुमचा हात म्हंजे हातच हाय."

शालूबाई हसल्या. त्यांचं लक्ष वीरधवलकडं होतं. तो खाली मान घालून जेवत होता. एक भाकरी संपली. त्यानं ताट पुढं केलं. पूजा वाढत होती, तिची पळी पातेल्यावर क्षणभर थांबली, मग तिनं वाढलं. चौदा महिन्यांत त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतलं नव्हतं. त्याच्या कपाळावर तिखटाचा घाम आला होता. राणी त्याच्या ताटातला तुकडा उचलून खात होती आणि तो तिच्या ताटातला. ते बघत शालूबाई वाढत राहिल्या. मनातल्या मनात त्यांनी प्रभूचे किती आभार मानले त्याला गणती नव्हती.

सगळ्यांचं झाल्यावर तीनच्या सुमाराला त्या चुलीपाशी आपलं ताट घेऊन बसल्या. पुन्हा छोटी प्रार्थना केली, भाकरी मोडली, घास तोंडात घातला.

मीठ बरोबर होतं.

दरवर्षी असतं, तेवढं. त्यांचा घास तोंडातच राहिला. समोर चटणीची बरणी होती आणि त्यांना एप्रिलमधला डंक दिसायला लागला. मिरच्या, कांदा, लसूण, धणे, खोबरं, आणि शेवटी पिशवीतून ओतलेलं मीठ. मीठ नसेल तर चटणी टिकत नाही. जन्मभर त्या चटणी करत आल्या होत्या आणि जन्मभर तिच्यात मीठ घालत आल्या होत्या. नाताळचं मीठ म्हणजे बरणीतलं मीठ, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. नऊ चमचे. चिमटीनं पडलं असतं त्यापेक्षा कमी नसेल.

त्यांनी ताट बाजूला सारलं. घास थुंकायचाही धीर होईना. अन्न होतं, आणि प्रार्थना झाली होती.

आत वीरधवल खाटेवर आडवा झाला होता. पूजा आणि रंगुबाई मागं भांडी घासत होत्या, राणी शेजारी केक द्यायला गेली होती. उशाशी रेघांची बाटली होती. रात्रीच्या गोळीच्या रेघेपर्यंत आलेली.

शालूबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आत जावं की न जावं, सांगावं की न सांगावं, हे ठरेना. पोटात गेलेलं परत काढता येत नाही. आणि सांगितलं तर काय होईल? आज वर्षानं तो पोटभर जेवला, तेवढंही त्याच्याकडून जाईल. तेवढ्यात त्यानं डोळे उघडले.

"आई, घोटभर पाणी दे."

"बाळा, रातीच्या गोळीपुरतंच उरलंय."

"लय तहान लागलीया गं."

त्या खाटेवर त्याच्याजवळ बसल्या. समोर ओट्यावर पाण्याचा हंडा होता, तांब्या उपडा घातलेला. घरात आलेल्या परक्यालाही त्या आधी पाणी देत. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. बोटं फुगली होती.

"वीर, चटणीत मीठ हुतं."

त्या त्याची बोटं चोळू लागल्या.

"माज्या ध्यानातच आलं न्हाई. मीच हातानं..."

"मला ठाऊक हुतं," वीरधवल म्हणाला. "डंकावर मीच की तुला गाडीवर नेलतं. तू पिशवी फोडून ओतलंस माज्याम्होरं."

शालूबाईंनी चोळायचं थांबवलं.

"मग बोलला का न्हाईस?"

"सगळी उभी हुती. राणीनं टाकला." तो थांबला. धाप लागली होती. "आन मला बी खायाचं हुतं, आई. चव काय असती तेच इसरलो हुतो."

त्यांना राग यावा की रडू यावं, कळेना. दोन्हींतलं काहीच आलं नाही. त्या उठल्या आणि फ्रिजमधून बर्फाचे दोन खडे वाटीत घेऊन आल्या. पूजानं शिकवलं होतं, पाण्यापेक्षा बर्फ पुरतो. त्यानं एक खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. दुसरा ठेवला. मग वाटीतलं वितळलेलं पाणीही बोटानं पुसून घेतलं.

"पूजाला सांगू नगंस," तो म्हणाला. "लय जीव तोडती ती."

आणखी एक खडा दे, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर काय केलं असतं, हे शालूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी पहाटे नानासोनं गाडी ठरवली. राणीला रंगुबाईकडं ठेवून वीरधवल, पूजा आणि शालूबाई मिरजेला गेली. वाटेत वीरधवलनं खिडकीची काच पूर्ण खाली घेतली आणि तोंड बाहेर करून बसला. थंडी होती, पण कुणी काच लावायला सांगितली नाही. पुढच्या सीटवर शालूबाई प्रत्येक गाव मागं पडलं की मनात एक ओळ प्रार्थनेची म्हणायच्या.

डायलिसिसच्या आधी वजन करतात. मागच्या वेळेपेक्षा जितकं वाढलं तितकं पाणी. वीरधवल काट्यावर उभा राहिला. चार किलो सहाशे. मशीनवरच्या मुलानं आकडा लिहिला आणि म्हणाला, काल नाताळ झालेला दिसतोय. वीरधवल कसंनुसं हसला. एका वेळी एवढं सगळं काढता येणार नाही, बीपी उतरेल, उरलेलं काढायला उद्या परत यावं लागेल, असं त्या मुलानं सांगितलं आणि वीरधवलला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर सासूसुना बसल्या. काचेतून त्याची खाट दिसत होती. पूजानं पिशवीतून रेघांची बाटली काढली, मांडीवर ठेवली आणि रेघांवरून बोट फिरवत म्हणाली, "काल माजंच ध्यान न्हवतं, आत्या. पाणी जास्त गेलं आसंल."

लेकानं सांगू नको म्हटलं होतं. पण दुसऱ्याच्या माथी आपलं पाप जाऊ द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"पाणी न्हाई, पूजा. चटणीत मीठ हुतं. चूक माजी हाय."

पूजानं मान वर केली नाही. तिनं बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"मला पयल्याच घासाला लागलं हुतं," ती म्हणाली. "त्येंनी डोळं मिटलं हुतं, आत्या. घास तोंडात, आन डोळं मिटून बसलं हुतं. कसं काढून घेऊ ताट?"

शालूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. काल नानासो थांबला होता, रंगुबाई गप्प जेवली होती, पळी पातेल्यावर थांबली होती, हे सगळं त्यांना आता एकेक करून दिसत होतं. त्या पंगतीत बसलेल्या कुणाला लागलं नव्हतं? आणि कोण बोललं होतं?

आत मशीनचं चाक फिरत होतं. नर्सनं वीरधवलच्या अंगावर चादर सारखी केली. त्यानं मान वळवून काचेकडं पाहिलं, दोघी दिसल्या तसा मोकळा हात थोडा उचलला.

"आत्या," पूजा म्हणाली, "बिनमिठाची चटणी करता येती का?"

"येती. पर टिकत न्हाई गं. बुरशी धरती."

"किती दिस ऱ्हाईल?"

"फ्रिजात ठेवली तर पंधरा दिस."

"मग पंधरा दिसांची करू. त्येंच्यापुरती."

शालूबाई हो म्हणाल्या. बिनमिठाच्या चटणीला कालची चव येणार नाही, पहिल्याच घासाला त्याला कळेल आणि तो काही न बोलता तो गिळेल, हे त्यांना ठाऊक होतं. पूजालाही ठाऊक असणार. तरी पूजानं विचारलं, मिरच्या किती घ्यायच्या. आणि शालूबाईंनी बाकावर बसल्या बसल्या, अंदाजानं, मूठ अर्धी मिटून दाखवली.